सीच्या घरी घरजावई पायथन : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

ज्यांचा सी भाषेतला प्रोग्रॅम सुरळीत चालला आहे आणि ज्यांना ते बघवत नाही, त्यांच्यासाठी.

सी ही डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये घडवलेली भाषा. काटकसरी आणि अबोल. चूक केलीत तर बहुतेक वेळा ती काही म्हणत नाही. एक दिवस चालता चालता मरते, एवढंच. पायथन गिडो व्हान रॉसम यांनी १९९१मध्ये लोकांसमोर ठेवला. हा बोलका. जरा खुट्ट झालं की फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक आणि आपल्याला कोणी कोणी छळलं याची यादी सांगून मोकळा होतो. या दोघांना एका प्रोसेसमध्ये नांदवायचं म्हणजे सीच्या प्रोग्रॅममध्ये पायथनचा इंटरप्रिटर बसवायचा.

कल्पना वेडगळ नाही. वेगाचं काम सीने करावं आणि रोज बदलणारे नियम पायथनमध्ये लिहावेत, म्हणजे प्रत्येक बदलासाठी सगळं पुन्हा कंपाइल करावं लागत नाही. ब्लेंडरसारखं त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर हेच करतं. कल्पना चांगली आहे म्हणून तर इतके लोक त्यात अडकतात.

फक्त एक ध्यानात ठेवा. पायथन इथे पाहुणा म्हणून येत नाही, घरजावई म्हणून येतो. येताना स्वतःची मेमरी, स्वतःचा हिशेब, स्वतःची रुसण्याची पद्धत घेऊन येतो. जावयाला दशमग्रह म्हणतात. हा तर मुक्कामाला असलेला ग्रह.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच नियम आहे. तो आधीच सांगून टाकतो, कारण नवशिके मार्गदर्शिका शेवटपर्यंत वाचत नाहीत : चूक जिथे होते तिथे ती ओरडत नाही.

पायरी १ : हेडर कुठूनही आणा

पहिली एरर कंपाइलर देईल. ‘पायथन डॉट एच’ नावाची फाइल सापडत नाही म्हणेल. तुम्ही म्हणाल, असं कसं? टर्मिनलवर पायथन टाइप केलं की चालतं की! बरोबर आहे. पायथन चालवायला हेडर लागत नाही, घरात घ्यायला लागतं. उबंटू आणि डेबियनवर ते ‘पायथन३-डेव्ह’ या वेगळ्या पॅकेजमध्ये असतं, फेडोरावर ‘पायथन३-डेव्हेल’मध्ये.

हे पॅकेज बसवलं तर पायरी दोन मिनिटांत संपते. त्यात मजा नाही. त्यापेक्षा इंटरनेटवर कुठेतरी एकटी पडलेली ‘पायथन डॉट एच’ शोधा आणि आपल्या फोल्डरमध्ये टाका. मग कळतं की ती एकटी नसते. तिच्या पोटात आणखी कितीतरी हेडर आहेत आणि प्रत्येकासाठी एक नवी एरर आहे. चिकाटीने ती सगळी जमवलीत, पण भलत्याच आवृत्तीची, तर त्याहून छान. प्रोग्रॅम कंपाइल होतो. चालतानाच मरतो, कारण ऑब्जेक्टची मेमरीतली मांडणी आवृत्तीगणिक बदलत असते आणि तुमच्या हेडरला वाटतं की आपण अजून जुन्याच घरात आहोत.

हे हेडर बाकी सगळ्या हेडरांच्या आधी घ्यावं, असं अधिकृत दस्तऐवज सांगतात. काही सिस्टिमवर स्टँडर्ड हेडरांचं वागणं बदलणाऱ्या व्याख्या त्यात असतात. थोडक्यात, मानाचं पान पहिलं. ते दिलं नाही तर लगेच काही बिघडत नाही. नियम आठवतोय ना?

पायरी २ : लिंकरशी वाद घाला

कंपाइल झालं, आता लिंकर म्हणतो की ‘पाय_इनिशियलाइझ’ हे कोण, मी ओळखत नाही. नवशिक्याने या वेळी हेडरकडे बोट दाखवावं : अरे, इथे तर लिहिलंय! लिंकर बधत नाही. हेडरमध्ये फक्त फंक्शनचं नाव आणि घराणं असतं. प्रत्यक्ष फंक्शन लायब्ररीत असतं, आणि ती लायब्ररी तुम्ही मागितलेलीच नाही.

कोणते फ्लॅग द्यायचे हे सांगायला ‘पायथन३-कॉन्फिग’ नावाचा आयता प्रोग्रॅम आहे. जुन्या पुस्तकातून त्याचा वापर उतरवून घेतलात तर एक खास अनुभव मिळतो. पायथन ३.८पासून त्याला ‘एम्बेड’ हा पर्याय वेगळा सांगावा लागतो. नाही सांगितला तर तो बाकीचे सगळे फ्लॅग अदबीने देतो आणि नेमकी पायथनची लायब्ररी वगळतो.

आणखी एक. लायब्ररीचे फ्लॅग तुमच्या सी फाइलच्या नावानंतर लिहायचे असतात. आधी लिहिलेत तर काही मशीनवर चालतं, काहींवर नाही. उबंटूचा लिंकर अजून कोणी न मागितलेली लायब्ररी सोडून देतो आणि नंतर मागणी आली की हात वर करतो. यातून ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे वाक्य जन्माला येतं. ते टीम लीडसमोर निदान एकदा म्हणून बघाच.

पायरी ३ : जावयाचं सामान दुसऱ्या गावी ठेवा

आता प्रोग्रॅम सुरू होतो आणि पहिल्याच ओळीवर बंद पडतो. पायथन सांगतो की ‘एन्कोडिंग्ज’ नावाचं मॉड्यूल नाही. तुम्ही असलं काही मागितलेलंच नसतं, म्हणून तुम्ही चक्रावता. मग तुम्ही ते पिपने बसवायला जाता. ते पिपवर शोधायची गोष्टच नाही.

खरी गोष्ट अशी की पायथनचा मोठा भाग पायथनमध्येच लिहिलेला आहे आणि तो डिस्कवर एका फोल्डरमध्ये असतो. ‘एन्कोडिंग्ज’ हे त्यातलं अगदी सुरुवातीला लागणारं मॉड्यूल. ते सापडलं नाही याचा अर्थ एकच : पायथनला आपलं बिऱ्हाड कुठे आहे ते कळलेलं नाही. तुमचा तयार प्रोग्रॅम उचलून तुम्ही दुसऱ्या मशीनवर नेला असेल, किंवा ‘पायथनहोम’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कोणीतरी कधीतरी भलतीकडे वळवून ठेवला असेल. तो आधी रिकामा करून बघा. जागा नक्की सांगायची असेल तर ३.८मध्ये आलेलं ‘पायकॉन्फिग’ वापरा आणि त्यात घरचा पत्ता लिहा. पण नवशिक्याने असं काही न करता आधी संपूर्ण पायथन काढून पुन्हा बसवावा. संध्याकाळ छान जाते.

पायरी ४ : स्क्रिप्टचं नाव ‘टेस्ट’ ठेवा

पायथनच्या दस्तऐवजात एम्बेडिंगचं एक सुप्रसिद्ध उदाहरण आहे. पायथनमधलं गुणाकाराचं फंक्शन सीमधून हाक मारून चालवायचं आणि ३ गुणिले २ करून ६ मिळवायचे. त्यासाठी बरंच लांबलचक सी लिहावं लागतं, आणि एवढ्याशा कामाला हा प्रोग्रॅम जरा मोठाच आहे अशी कबुली दस्तऐवज स्वतःच देतात.

तुम्ही हे उदाहरण गिरवा, फक्त पायथनच्या फाइलला ‘टेस्ट डॉट पीवाय’ म्हणा. कोण नाही म्हणत? इम्पोर्ट यशस्वी होतं. मग पायथन म्हणतो की या मॉड्यूलमध्ये ‘गुणाकार’ नावाचं काहीच नाही. तुम्ही फाइल उघडता, फंक्शन समोर दिसतं. फाइल पुन्हा सेव्ह करता. मशीन रीस्टार्ट करता.

झालेलं असं : सीमध्ये बसवलेला पायथन, तुम्ही मुद्दाम सांगितल्याशिवाय, चालू फोल्डरमध्ये मॉड्यूल शोधतच नाही. आणि त्याच्या स्वतःच्या स्टँडर्ड लायब्ररीत ‘टेस्ट’ नावाचं पॅकेज आधीपासून असतं. तुम्ही टेस्टला हाक मारली, टेस्ट आला. तो तुमचा नव्हता. फाइलचं नाव वेगळं ठेवलं असतं तर निदान ‘सापडलं नाही’ अशी स्वच्छ एरर मिळाली असती. उपाय दोन : ‘पायथनपाथ’मध्ये आपला फोल्डर लिहा आणि फाइलला असं नाव द्या जे जगात दुसरं कोणी देणार नाही. शंका असेल तेव्हा मॉड्यूलचा ‘फाइल’ हा गुणधर्म छापून बघा. आलेला पाहुणा कुठल्या गावचा ते लगेच कळतं.

पायरी ५ : पायथन सीच्या अवतरणचिन्हांत कोंबा

वेगळी फाइल कशाला, म्हणून सगळा पायथन कोड सीमधल्या स्ट्रिंगमध्ये लिहा आणि ‘पायरन_सिंपलस्ट्रिंग’ला द्या. सुटसुटीत दिसावा म्हणून एकाखाली एक पाच ओळी लिहा, प्रत्येक ओळीला आपापली अवतरणचिन्हं द्या.

तुम्हाला त्या पाच ओळी दिसतात. सीला दिसत नाहीत. सी शेजारशेजारच्या स्ट्रिंग न विचारता जोडून टाकते, मध्ये नवी ओळ घालत नाही. पायथनला मिळते एक लांबलचक ओळ, तीही अशा भाषेत जिथे ओळ आणि समास हेच व्याकरण आहे. तो सिंटॅक्स एरर देतो आणि ओळ क्रमांक सांगतो १. पुढच्या प्रत्येक दुरुस्तीनंतरही क्रमांक १च राहतो, कारण दुसरी ओळच नाही.

म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ आणि एन लिहायचा. हे जमलं की पुढची गंमत : पायथनच्या एखाद्या वाक्यात छापण्यासाठी नवी ओळ हवी असेल तर ती रेघ दोनदा लिहावी लागते. एकदाच लिहिली तर सीचा कंपाइलरच ती मधल्यामध्ये खातो आणि पायथनच्या हातात अर्धवट तुटलेली स्ट्रिंग येते.

आणि या फंक्शनकडून उत्तराची अपेक्षा करू नका. ते फक्त ० किंवा -१ देतं. हिशेबाची किंमत परत हवी असेल तर ‘पायरन_स्ट्रिंग’ वापरायचं आणि त्याला सांगायचं की मी एक्स्प्रेशन देतोय, फाइल नाही. फाइल म्हणून दिलंत तर २ अधिक २चं उत्तर ‘नन’ येतं. एक्स्प्रेशन म्हणून असाइनमेंट दिलीत तर सिंटॅक्स एरर येते. दोन्ही करून बघावं, म्हणजे पुढे विसर पडत नाही.

पायरी ६ : परतावा बघू नका

इथून मार्गदर्शिकेचा खरा भाग सुरू होतो. आतापर्यंतच्या एरर निदान समोर येऊन उभ्या राहत होत्या.

पायथनमध्ये काही बिघडलं तर सीमधल्या फंक्शनला परत काय मिळतं? सहसा नल पॉइंटर. बिघाड नेमका काय, ते पायथन स्वतःजवळ एका कोपऱ्यात लिहून ठेवतो आणि कोणी विचारेपर्यंत गप्प बसतो. बोलका जावई सासऱ्यासमोर आला की मुका होतो, त्यातला प्रकार. ‘पायएर_प्रिंट’ म्हणून त्याला विचारावं लागतं, तेव्हा सगळी तक्रार ओळ क्रमांकासह बाहेर पडते. नवशिक्याने हे विचारू नये. मिळालेला नल तसाच पुढच्या फंक्शनला द्यावा. मग येतो सेगफॉल्ट : टर्मिनलवर दोन शब्द, ना फाइल, ना ओळ.

पण काही फंक्शन नलही देत नाहीत, आणि हा प्रकार जरा जवळून बघण्यासारखा आहे. समजा, बिलाचा प्रोग्रॅम सीमध्ये आहे आणि सवलत किती द्यायची ते पायथनची स्क्रिप्ट ठरवते. स्क्रिप्टने १० हा आकडा द्यायचा. कोणीतरी प्रेमाने ‘दहा टक्के’ असा मजकूर परत केला. सीने त्यावर ‘पायलाँग_अ‍ॅजलाँग’ चालवलं. मजकुराचा आकडा होईना, म्हणून पायथनने टाइप एरर कोपऱ्यात लिहून ठेवली आणि सीच्या हातावर -१ ठेवला. आता -१ हा आकडाही असू शकतो. सीने तो आकडाच समजला, उणे एक टक्का सवलत दिली, म्हणजे गिऱ्हाइकाकडून एक टक्का जास्त घेतला, आणि बिल छापलं. कुठेही काही ओरडलं नाही.

पुढच्या बिलाच्या वेळी तारीख काढणारं एक साधं, वर्षानुवर्षं चालत आलेलं फंक्शन बोलावलं गेलं. त्याने बरोबर उत्तर दिलं. पण कोपऱ्यातली जुनी तक्रार तशीच लटकत होती, म्हणून पायथनने सिस्टिम एरर फेकली : या फंक्शनने उत्तरही दिलं आणि एक्सेप्शनही लावून ठेवलं, हे चालणार नाही. आता सगळं ऑफिस तारखेच्या फंक्शनमध्ये बग शोधतंय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

उपाय एका ओळीचा आहे. -१ आला की लगेच ‘पायएर_ऑकर्ड’ने विचारायचं : हा खरा -१ आहे की रुसवा? त्याच ओळीवर विचारलं तर उत्तर मिळतं. शंभर ओळींनंतर विचारलं तर मिळतं ते भलत्याच घरचं भांडण.

पायरी ७ : उसनं आणलेलं परत करू नका, किंवा दोनदा करा

पायथन प्रत्येक ऑब्जेक्टवर एक आकडा लिहून ठेवतो : सध्या याला किती जणांनी धरून ठेवलंय. आकडा शून्य झाला की ऑब्जेक्ट मोडीत. पायथनमध्ये काम करताना हा हिशेब तो स्वतः ठेवतो. सीमधून आलात की वही तुमच्या हातात देतो.

सीला मिळणारे रेफरन्स तीन जातींचे. मालकीचा असेल तर काम झाल्यावर ‘पाय_डेकरेफ’ करून सोडायचा. उसना असेल तर सोडायचा नाही, तो तुमचा नव्हताच. आणि काही फंक्शन तुम्ही दिलेला रेफरन्स स्वतःकडे ठेवून घेतात. तो पुन्हा सोडायला जाऊ नये. कोणतं फंक्शन कोणत्या जातीचं, हे नावावरून ओळखता येतं असा समज असेल तर तो इथे संपतो. एकाच लिस्टमधला पहिला घटक ‘पायलिस्ट_गेटआयटम’ने घेतलात तर उसना मिळतो, ‘पायसिक्वेन्स_गेटआयटम’ने घेतलात तर मालकीचा. लिस्ट तीच, घटक तोच. ‘पायटपल_सेटआयटम’ तुमचा रेफरन्स ठेवून घेतं, ‘पायलिस्ट_अपेंड’ घेत नाही. नवशिक्याने हे दस्तऐवजात बघू नये, अंतःप्रेरणेवर विसंबावं.

सोडायचं विसरलात तर काही होत नाही. म्हणजे दिवसभर काही होत नाही. मेमरी हळूहळू चढत जाते आणि प्रोग्रॅम पडतो तो बहुधा तुम्ही रजेवर असताना.

दोनदा सोडलंत तर दुसरीच कथा. आकडा वेळेआधी शून्यावर येतो, मेमरी दुसऱ्या कामाला लागते, आणि ज्याने प्रामाणिकपणे तो ऑब्जेक्ट धरून ठेवला होता तो बिचारा नंतर कधीतरी कोसळतो. डीबगरमध्ये बघाल तर कोसळण्याची जागा गार्बेज कलेक्टरमध्ये दिसते. मग तुम्ही जाहीर करता की पायथनच्या गार्बेज कलेक्टरमध्ये बग आहे. हे विधान करण्याआधी एक ग्लास पाणी प्यावं.

ही चूक लपते कशी, तेही बघण्यासारखं आहे. तुम्ही तपासायला दस्तऐवजातलंच उदाहरण घेता, ३ गुणिले २. उत्तर ६. एक डेकरेफ जास्त पडला तरी सगळं ठीक. कारण लहान पूर्णांक, -५पासून २५६पर्यंतचे, पायथनने आधीच बनवून ठेवलेले असतात आणि ३.१२पासून ते अमर आहेत. त्यांचा आकडा तुम्ही कितीही खाली ओढा, हलत नाही. तीच तुमची गुणाकाराची सोय गिऱ्हाइकाने ३०० गुणिले २०० साठी वापरली, उत्तर ६०,००० आलं, आणि हा ऑब्जेक्ट मात्र मर्त्य निघाला. तेव्हा तपासणी नेहमी मोठ्या आकड्यांवर करावी. ‘नन’चंही तसंच. ३.१२च्या आधी ननवर जास्तीचे डेकरेफ मारत राहिलं की पायथन कधीतरी ‘ननची विल्हेवाट लावतोय’ अशी जीवघेणी एरर देऊन थांबायचा. आता नन अमर झाला, त्यामुळे लक्षण गेलं. रोग बाकीच्या ऑब्जेक्टांत आहे तिथेच आहे.

पायरी ८ : मराठी मजकूर द्या

इथवर सगळं इंग्रजीत तपासलंत आणि चाललं. आता प्रोग्रॅमला ‘नमस्कार’ हा शब्द द्या. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात. पायथन लांबी ७ सांगतो, कारण तो जोडाक्षरातला हलन्त आणि काना वेगळे मोजतो. सी २१ सांगते, कारण यूटीएफ-८मध्ये यातल्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात. पायथनची ७ ही लांबी प्रमाण मानून सीमध्ये ८ बाइटांची जागा केलीत तर नमस्कार ‘नम’ आणि पुढच्या अक्षराचे एक-तृतीयांश अवशेष एवढा उरतो. न विचारता कॉपी केलात तर शेजारच्या व्हेरिएबलवर सांडतो.

मजकुराचा पॉइंटर ‘पाययुनिकोड_अ‍ॅजयूटीएफ८’ने मिळतो. तो पॉइंटर ऑब्जेक्टच्या मालकीचा असतो. ऑब्जेक्ट सोडून दिलात आणि मग मजकूर छापलात तर कधी नमस्कार दिसतो, कधी कचरा. आधी कॉपी करा, मग सोडा.

मराठी माणसाला खास राखून ठेवलेली एक एररही आहे. पायथन ३मध्ये फंक्शनचं नाव देवनागरीत ठेवता येतं. ‘साऱ्यांना’ असं नाव ठेवा. यातला ‘ऱ’ दोन तऱ्हांनी टाइप होतो : एक अखंड अक्षर म्हणून, तीन बाइटांचं, किंवा र आणि खाली नुक्ता असा, सहा बाइटांचा. पडद्यावर फरक शून्य. पायथन आपल्या कोडमधली नावं वाचताना दुसरा प्रकार पहिल्यात बदलून घेतो. पण सीमधून तुम्ही नाव स्ट्रिंग म्हणून देता तेव्हा तो काही बदलत नाही, जसं आलं तसं शोधतो. तुमचा कीबोर्ड नुक्ता लावणारा असेल तर ‘साऱ्यांना’ नावाचं फंक्शन समोर असूनही सापडत नाही. प्रोजेक्टमधल्या ज्येष्ठांना बोलावून दाखवा. तेही दोन्ही नावं मोठ्याने वाचतील आणि म्हणतील, बरोबर तर आहे!

पायरी ९ : थ्रेड वापरा आणि कंट्रोल-सी दाबा

पायथनमध्ये एका वेळी एकाच थ्रेडला बोलायची परवानगी असते, तिला गिल म्हणतात. (गिलशिवायची वेगळी बांधणी ३.१३पासून मिळू लागली आहे, पण तुमच्या मशीनवरची बहुधा ती नाही.) ‘पाय_इनिशियलाइझ’ केलंत की ही परवानगी मुख्य थ्रेडच्या हातात असते. नवशिक्याने मग दुसरा थ्रेड सुरू करावा, त्यात नियमाप्रमाणे ‘पायगिलस्टेट_एन्शुअर’ लिहावं आणि मुख्य थ्रेडला सांगावं की त्याचं संपेपर्यंत थांब. दुसरा थ्रेड गिल मिळायची वाट बघतो. पहिला गिल धरून दुसऱ्याची वाट बघतो. ‘पहले आप’मधले दोघे निदान बोलतात तरी, हे बोलतही नाहीत. थांबण्याआधी ‘पायइव्हॅल_सेव्हथ्रेड’ म्हणून परवानगी सोडायची असते.

अडकलेला प्रोग्रॅम मारायला तुम्ही कंट्रोल-सी दाबता. तो मरत नाही. कारण आल्या आल्या पायथनने त्या सिग्नलवर आपला माणूस बसवलेला असतो. तो फक्त चिठ्ठी लिहून ठेवतो की मालकांनी बोलावलंय. चिठ्ठी वाचायला पायथनचा कोड चालू असावा लागतो, आणि तुमची सी तर वाट बघत बसलीये. हे नको असेल तर ‘पाय_इनिशियलाइझएक्स’ला शून्य देऊन त्याला सिग्नलपासून दूर ठेवता येतं.

पायरी १० : निरोप समारंभ

स्क्रिप्टच्या शेवटी कोणीतरी ‘सिस डॉट एक्झिट’ लिहितो. त्याच्या मते स्क्रिप्ट संपली. ‘पायरन_सिंपलस्ट्रिंग’च्या मते सगळंच संपलं : ते -१ परत करत नाही, तुमची सगळी प्रोसेस बंद करतं. सर्व्हर, उघड्या फाइली, अर्धवट बिलं, सगळ्यासकट. हा बग नाही, दस्तऐवजात तसं लिहिलेलं आहे. जावई घर सोडून जाताना मेन स्विच बंद करून गेला, इतकंच.

तसं न होता ‘पाय_फायनलाइझएक्स’पर्यंत पोचलात तर त्यानंतर उरलेले रेफरन्स सोडायला जाऊ नका, सोडणार कोणाकडे? आणि बंद केलेला इंटरप्रिटर पुन्हा सुरू करायचा मोह आवरा. काही एक्स्टेन्शन मॉड्यूलं दुसऱ्यांदा नीट उठत नाहीत.

परिशिष्ट : ज्यांना खरंच एरर सोडवायची आहे त्यांच्यासाठी

अशी माणसं थोडी, म्हणून हा भाग लहान.

‘पायथनफॉल्टहँडलर’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून प्रोग्रॅम चालवा. सेगफॉल्ट झाला तरी मरताना पायथन कोणत्या ओळीवर होता ते छापलं जातं.

‘पायथनमॅलॉक’ला ‘डीबग’ ही किंमत द्या. मग सोडून दिलेल्या मेमरीत पायथन डीडी हे बाइट भरून ठेवतो. डीबगरमध्ये पॉइंटरच्या जागी नुसती डीडीची रांग दिसली तर समजा, मेलेल्या ऑब्जेक्टशी बोलताय. पायरी ७ पुन्हा वाचा. व्हॅलग्रिंड वापरणार असाल तर त्याच व्हेरिएबलला ‘मॅलॉक’ द्या, नाहीतर पायथनचा स्वतःचा मेमरी-वाटप विभाग खऱ्या चुका झाकून ठेवतो.

जीडीबीमध्ये पायथनचं एक्स्टेन्शन लावलंत तर ‘पीवाय-बीटी’ या आज्ञेने सीच्या ढिगाऱ्याऐवजी पायथनच्या ओळी दिसतात. ही सोय शक्य झाली कारण २००९मधल्या ७.० आवृत्तीपासून जीडीबीच्या पोटातही पायथन बसवलेला आहे. म्हणजे हे लग्न टिकू शकतं याचा पुरावा तुमच्या हातातलं हत्यारच आहे. ते लिहिणाऱ्यांनी प्रत्येक परतावा तपासला, एवढाच फरक.

नेहमीच्या शंका

‘प्रिंटएफने छापलेलं आणि पायथनने छापलेलं फाइलमध्ये उलटसुलट का येतं?’ दोघांचे बफर वेगळे. ज्याचा आधी रिकामा झाला त्याचं आधी. दोन्हीकडे फ्लश करा. तोपर्यंत छापलेल्या ओळींच्या क्रमावरून कोणताही निष्कर्ष काढू नका.

‘एक प्रिंटएफ टाकला की क्रॅश जातो, काढला की येतो. तो ठेवून द्यावा का?’ नाही. त्याने बग गेला नाही, मेमरीत दोन पावलं सरकला.

‘हे सगळं टाळून पायथन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवला तर?’ बहुतेकांसाठी तेच शहाणपणाचं. वेग फार लागत नसेल तर घरजावई कशाला, शेजारी बिऱ्हाड करून द्या.

आणि एम्बेड करायचंच ठरवलं असेल तर एवढं करा : पायथनला केलेल्या प्रत्येक कॉलचा परतावा त्याच्या लगेच पुढच्या ओळीवर तपासा, आणि बिघाड दिसला तर तिथेच छापा. कोड दुप्पट लांब दिसेल, कुरूपही दिसेल. दिसू द्या. चूक आणि तिची बोंब यांच्यातलं अंतर एका ओळीवर आणलं की डीबगिंग म्हणून वेगळं काम फारसं उरत नाही.